‘बुरशी-किड्यांचा शरीरसंबंधाशी संबंध नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला एका फार्मासिस्टचं उत्तर

गेले दोन-तीन महिने एक मेसेज आमच्या तालुक्यातल्या बहुतेक ग्रुपवर फिरतो आहे. बचत गटाच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या आला, माझ्या माहेरच्या भावकीच्या ग्रुपवरही आला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली नुसतं ‘जनहितार्थ’. मजकूर असा:

“खाज, नायटा, खरूज, अंगावरून पांढरं जाणं याला गुप्तरोग समजून घाबरू नका. बुरशी आणि किडे शरीरसंबंधातून पसरत नाहीत, ते अस्वच्छतेमुळे आणि सार्वजनिक शौचालयातून होतात. रोज जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुवा. मेडिकलमधून खाजेचं मलम आणा, दोन दिवसांत आराम. ज्याला त्रास त्यालाच औषध, जोडीदाराला त्रास नाही म्हणजे त्याला आजार नाही. निरोध वापरत असाल तर प्रश्नच नाही. एवढं करूनही पुन्हा पुन्हा होत असेल तर जोडीदाराच्या वागणुकीकडे लक्ष द्या.”

मी फार्मासिस्ट आहे. एकोणीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. दुकानात गर्दी असली की बायका बाजूला थांबून राहतात, सगळे गेले की पुढे येतात आणि तरीही आवाज खाली आणून ‘तिकडची खाज’ म्हणतात. पुरुष तेवढंही बोलत नाहीत, जुनी रिकामी ट्यूब पुढे करतात. आता त्या ट्यूबच्या जागी हा मेसेज दाखवला जातो. त्यामुळे त्याच्या एकेका वाक्याला उत्तर देणं मला भाग वाटलं.

“बुरशी आणि किडे शरीरसंबंधातून पसरत नाहीत.”

यातला जो भाग खरा आहे तो आधी सांगते. दह्यासारखा पांढरा स्राव आणि आग होईल इतकी खाज, असा जो त्रास बायकांना होतो, तो बहुतेक वेळा कँडिडा नावाच्या बुरशीचा असतो. दर चार बायकांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी तो होतो. ही बुरशी कुठून बाहेरून यावी लागत नाही. अनेकींच्या शरीरात ती आधीपासून थोड्या प्रमाणात असतेच. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दिवस राहिले, रक्तातली साखर वाढली, की तिला रान मोकळं मिळतं. म्हणून डॉक्टर कँडिडाला लिंगसांसर्गिक, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या, आजारांत धरत नाहीत. कधीकधी संबंधानंतर पुरुषाला लिंगाच्या टोकाशी लाली आणि खाज येते, तेवढाच त्याचा संबंध.

पण एका बुरशीचं खरं म्हणून सगळ्यांचं खरं होत नाही. ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी आहे. पिवळसर-हिरवट, फेसाळ, वास मारणारा स्राव ही त्याची ओळख. प्रौढांमध्ये तो जवळपास पूर्णपणे शरीरसंबंधातूनच पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटातल्या १५ कोटी ६० लाख लोकांना त्याची नव्याने लागण झाली. बऱ्या होऊ शकणाऱ्या लिंगसांसर्गिक आजारांमध्ये याचा क्रमांक अगदी वरचा आहे, आणि तरी आपल्याकडे त्याला साधं मराठी नावही नाही. परमा (गोनोरिया) आणि गरमी (सिफिलिस) आपल्या आज्यांनाही माहीत होते. हा मात्र ‘पांढरं जाणं’ या एका शब्दाखाली दबून गेला. गरोदरपणात तो असला तर बाळ वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो, आणि त्याने आतल्या अस्तराला सूज येत असल्याने एचआयव्हीची लागण व्हायलाही वाट मिळते. अंगावर काढण्यासारखा हा आजार नाही.

खरूज, जांघेतल्या केसांत होणाऱ्या उवा आणि नायटा यांचं गणित वेगळं. त्यांना संबंधच लागतो असं नाही, कातडीला कातडी लागून राहिली की पुरे. खरजेचा किडा हस्तांदोलनाने सहसा जात नाही, पण दहा-पंधरा मिनिटं अंगाला अंग लागलं तर जातो. आई कडेवर घेते त्या बाळाला होतो, वसतिगृहात एका गादीवर झोपणाऱ्या मुलांना होतो, आणि नवरा-बायकोला तर होतोच. मोठ्या माणसाच्या लिंगावर किंवा अंडकोशावर खाजरे गुठळ्यांसारखे फोड आले तर डॉक्टर खरजेचा विचार आधी करतात. जगात कुठल्याही क्षणी सुमारे २० कोटी लोकांना खरूज असते. जांघेतल्या उवा डोक्यातल्या उवांहून वेगळ्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या, खेकड्यासारख्या दिसणाऱ्या. त्या मोठ्या माणसांत मुख्यतः शरीरसंबंधातूनच जातात.

नायट्याबद्दल तर ताजी गोष्ट आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये १३ पुरुष रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचा नायटा ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटीस या बुरशीच्या सातव्या जनुकीय प्रकाराचा होता आणि बहुतेकांना तो शरीरसंबंधातून झालेला होता. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णाची, अमेरिकेतली पहिली, नोंद झाली. बुरशी संबंधातून पसरत नाही असं आज सांगणाऱ्याने निदान एवढं वाचायला हवं होतं.

आतड्यातले अमीबा आणि जिआर्डिया हे परजीवी आपल्याकडे बहुतेक वेळा दूषित पाण्यातून होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण विष्ठेचा अंश तोंडात जाईल अशा शरीरसंबंधातूनही ते जातात, आणि जगभर त्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांपुढे बसल्यावर हे सांगायला लाजू नये, कारण तपासणी त्यावरूनच ठरते.

“ते अस्वच्छतेमुळे आणि सार्वजनिक शौचालयातून होतात.”

या वाक्याने बायकांचं नुकसान केलं आहे. एस.टी. स्टँडवरचं शौचालय नको म्हणून चार-चार तास लघवी दाबून ठेवणाऱ्या कित्येक जणी मला माहीत आहेत. त्यातून होतो तो लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग, आणि तो मात्र खरा असतो.

आता शास्त्र पाहा. अमीबा किंवा जिआर्डिया स्वतःभोवती कवच तयार करतात आणि त्या कवचात पाण्यात, ओल्या मातीत टिकून राहतात. ट्रायकोमोनासला अशी कवचाची अवस्थाच नाही. ओलावा गेला की तो मरतो. कोरड्या सीटवर बसून वाट पाहणं त्याला जमत नाही. तपासणीच्या काचेवरसुद्धा त्याची हालचाल काही मिनिटांत मंदावते, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत जवळपास निम्मे रुग्ण निसटतात. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि त्रास तसाच राहिला तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचं, ते यासाठी.

आणि अस्वच्छता? रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. किडा कातडीच्या आत बोगदा करून राहतो, साबणाने तो निघत नाही. ज्या घरात खरूज आली त्या घरातल्या बाईला ‘घर नीट ठेवत नाहीस’ असं ऐकवलं जातं, त्याला काडीचाही आधार नाही.

नायट्याच्या बाबतीत कपड्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्यावर बोलायला हवं. आपल्या घरांत बायकांची आतली वस्त्रं उन्हात वाळत नाहीत. ती साडीखाली, परकराखाली, मोरीतल्या दोरीवर लपवून टाकली जातात, कारण कुणाला दिसायला नकोत. आषाढ-श्रावणात ती दोन दिवस दमट राहतात आणि तशीच घातली जातात. वर पंचा घरात चौघांत एक. बुरशीला याहून काय हवं? इथे दोष त्या बाईच्या स्वच्छतेचा नाही. तिची चड्डी उन्हात दिसू न देणाऱ्या घराचा आहे.

“रोज जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुवा.”

नका धुऊ. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जंतू राहतात आणि ते आम्ल तयार करून तिथली आम्लता राखतात. निरोगी योनीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ३.८ ते ४.५ असतो. जंतुनाशक आत गेलं की आधी हे राखणदारच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरेसं आहे, आतली जागा स्वतःची सफाई स्वतः करते. माझ्याकडे जंतुनाशकाची बाटली मागणाऱ्या बाईला मी आता विचारते, “ताई, कशासाठी हवंय?” फरशीसाठी म्हणाली तर देते.

“मेडिकलमधून खाजेचं मलम आणा, दोन दिवसांत आराम.”

हे वाक्य माझ्या धंद्याचं आहे, म्हणून यावर जास्त बोलणार आहे.

दोन दिवसांत आराम पडतो, हे खरं आहे. तो कसा पडतो ते बघा. मेडिकलमध्ये ‘खाजेचं मलम’ म्हणून जे वर्षानुवर्षं विकलं गेलं, त्यात बहुतेक वेळा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड एकत्र कालवलेलं असतं. खाज आणि लाली ही आपल्या शरीराने बुरशीविरुद्ध केलेली लढाई असते. स्टिरॉइड ती लढाई थांबवतं. खाज बंद, लाली बंद, माणूस खूश. बुरशी मात्र खाली निवांत वाढते. मलम थांबवलं की दुप्पट जागेत उठते, मग पुन्हा तीच ट्यूब. सहा महिन्यांनी नायट्याची गोल कडा राहत नाही, एका वर्तुळात दुसरं वर्तुळ दिसतं, आणि डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. जांघेतली कातडी पातळ, तिथे स्टिरॉइड जास्त शोषलं जातं. कातडीवर गरोदरपणात पोटावर उमटतात तसे पांढरे-लालसर चिरे पडतात. ते कायमचे राहतात. विशीतल्या मुलांच्या जांघेत ते पाहिलेले डॉक्टर मला सांगतात की सगळ्यात वाईट याचं वाटतं, कारण ते टाळता आलं असतं.

त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने अशा मलमांविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली. कागदावर नियम आहे. काउंटरवर काय चालतं ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. आमच्यातल्या ज्यांनी चिठ्ठी न मागता ट्यूब दिली, त्यांनी या साथीला हातभार लावला, हे मी माझ्या व्यवसायबंधूंच्या समोरही म्हणते.

साथ म्हणते ते उगाच नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात नायटा हट्टी झाला आहे. पूर्वी टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळीने दोन-तीन आठवड्यांत जायचा, आता अनेकांना महिनोन्‌महिने औषध लागतं. या हट्टी बुरशीच्या प्रकाराला २०२० मध्ये जपानच्या संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. त्यांच्याकडचे रुग्ण भारतीय आणि नेपाळी होते. आपल्या देशाचं नाव एका औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीला लागलं. आता ती जगभर सापडते आहे. एकाच अंथरुणात झोपणाऱ्या दोघांपैकी एकाने अर्धवट मलम लावायचं आणि दुसऱ्याने गप्प राहायचं, यातून ती एका कातडीवरून दुसरीवर जात राहते.

“ज्याला त्रास त्यालाच औषध, जोडीदाराला त्रास नाही म्हणजे त्याला आजार नाही.”

मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. ट्रायकोमोनास झालेल्या बहुसंख्य लोकांना काहीच जाणवत नाही. पुरुषांमध्ये तर बहुतेकांना नाही. बायको सात दिवस त्यावरच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या घेते, बरी होते, आणि काही न झालेल्या नवऱ्याकडून महिन्याभरात पुन्हा तेच घेऊन येते. मग ‘गोळ्यांचा गुण आला नाही’. गोळ्यांचा गुण आला होता, दुसऱ्या माणसाने त्या घेतल्या नव्हत्या. दोघांचाही उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचा, आणि बाईने तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायचं, अशी पद्धत आहे.

‘त्रास नाही म्हणजे आजार नाही’ याला आपल्याच महाराष्ट्राने ३५ हून जास्त वर्षांपूर्वी उत्तर दिलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या आजीचा चेहरा समोर आला. ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणून तिने आयुष्यभर कंबर धरून काम केलं.

खरजेत तर अख्ख्या घराने एकाच रात्री औषध लावायचं असतं, खाज असो वा नसो. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तोवर तो माणूस दुसऱ्यांना देत राहतो. परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्यांत, जांघेत, लिंगावर, सगळीकडे लावून रात्रभर ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा. गिऱ्हाईक एक छोटी ट्यूब नेतं आणि फक्त खाजतं तिथे लावतं. घरात पाच माणसं असतील तर एका ट्यूबने खरूज जाणार नाही, हे मी आता प्रत्येकाला हात धरून सांगते. त्याच दिवशी अंथरूण-पांघरूण आणि कपडे कडक गरम पाण्यात धुवायचे. धुता येत नाहीत ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचे, अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. आणि उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, ती मेलेल्या किड्यांच्या अंशामुळे. घाबरून रोज मलम लावत बसू नये.

कँडिडाला मात्र जोडीदाराला त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही. तेवढ्यापुरतं मेसेजचं बरोबर आहे.

“निरोध वापरत असाल तर प्रश्नच नाही.”

निरोध वापराच. ट्रायकोमोनासचा धोका त्याने बराच कमी होतो, एचआयव्ही आणि परम्याचाही. पण निरोध जेवढी जागा झाकतो तेवढंच राखतो. खरूज, उवा, नायटा उरलेल्या उघड्या कातडीवरून जातात.

“पुन्हा पुन्हा होत असेल तर जोडीदाराच्या वागणुकीकडे लक्ष द्या.”

आधी सांगायचं की याचा शरीरसंबंधाशी संबंध नाही, आणि शेवटी बोट दाखवायचं जोडीदाराच्या चारित्र्याकडे. या एका ओळीने घरं मोडू शकतात. माझ्या दुकानात एक बाई आली होती, तिच्या सासूने हीच ओळ वाचून दाखवली होती. तिला वरचेवर कँडिडाचा त्रास होत होता. मी साखर तपासायला सांगितली. उपाशीपोटी २१० निघाली. तिला मधुमेह होता आणि घरात तिच्या वागणुकीवर चर्चा चालली होती.

वारंवार बुरशी होण्याची कारणं अशी असतात. मधुमेह कळलेला नसतो, किंवा कळलेला असतो आणि त्याचीच गोळी कारण असते. डॅपाग्लिफ्लोझिन आणि तिच्या जातीच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. मधुमेहावर त्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही उपयोगी आहेत. पण लघवीतली ती साखर बुरशीचं खाद्य होते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पहिलं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि घरोघर पोचली. साठीतल्या पुरुषांना लिंगाच्या कातडीखाली लाली-खाज घेऊन येताना मी तेव्हापासून जास्त पाहते आहे. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं, ते मार्ग काढतात.

आणि ट्रायकोमोनास निघाला तर? तो संबंधातूनच येतो, हे मी वर लिहिलं आहे आणि ते बदलत नाही. पण तो शरीरात महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही गुपचूप राहू शकतो. आज रिपोर्ट आला म्हणजे आजार या महिन्यात आला असं होत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, दोघांपैकी कोणाचाही असू शकतो. कोणी कोणाला दिला हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. खरजेतही तेच: शेवटी ज्याला मिठी मारली त्याच्याकडून ती आली असं नसतं, महिन्याभरापूर्वीच्या लग्नघरातल्या सामायिक गादीवरूनही आलेली असते. हे रिपोर्ट भांडणात पुरावा म्हणून वापरायचे नसतात, उपचार ठरवायला वापरायचे असतात.

हे कुठे दाखवायचं, असं बायका मला विचारतात. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातलं. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं, जोडीदारालाही. स्रावाच्या तक्रारीसाठी तिथे हिरव्या रंगाचं किट असतं, त्यात परजीवीवरची आणि बुरशीवरची गोळी दोन्ही असतात, कारण नुसतं पाहून दोन्हींतला फरक नेहमी कळत नाही. दिवस राहिलेले असतील तर ते आधी सांगावं, बुरशीची तोंडाने घ्यायची गोळी मग टाळतात आणि आत ठेवायची देतात. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, आपलं नाव सांगावं लागत नाही.

आणि माझ्या दुकानात यायचं असेल तर दुपारी दोन ते चार या. तेव्हा गर्दी नसते, आवाज खाली आणावा लागत नाही.